घाबरट रेस्क्यू कुत्रा घरी आणलाय? त्याचा भरोसा कसा मिळवायचा, पहिल्या दिवसापासून सगळं सविस्तर

रेस्क्यूचा कुत्रा घरी आणला की पहिल्या आठवड्यात लोकांचे मेसेज जवळपास सारखेच येतात, ताई तो पलंगाखालून निघतच नाही, खात नाही, हात पुढे केला की अंग चोरतो, आम्ही एवढे लाड करून राहिलो तरी असं काऊन करते तो? विचारणारे बहुतेक जण मनाने फार चांगले असतात आणि अडचण पण तिथेच असते. घरात चार माणसं, चौघांनाही त्याला कुरवाळायचंय, दर दहा मिनिटांनी कोणीतरी वाकून पलंगाखाली बघतं, मोबाईलचा टॉर्च मारतं, बिस्किट पुढे करतं, आणि त्या बिचाऱ्याला एवढंच दिसतं की चार अनोळखी माणसांनी आपल्याला कोपऱ्यात घेरलंय.

म्हणून मी खाली फिरून फिरून एकच गोष्ट सांगणार आहे, अंतर किती ठेवायचं ते त्याला ठरवू द्या. तुम्ही रोज त्याच वेळी तेच करा आणि बाकी वेळ त्याच्या मागे लागू नका. ऐकायला सोपं आहे, करायला लय कठीण, त्यात घरात लहान पोट्टे असले की विचारूच नका.

हे मुख्यतः आपल्या देशी कुत्र्यांना धरून लिहिलंय, रस्त्यावरून उचललेले, ॲक्सिडेंटनंतर शेल्टरमध्ये राहिलेले, किंवा कोणी पाळून मग सोडून दिलेले. पिल्लांचं थोडं वेगळं असतं, साधारण तीन महिन्यांपर्यंत त्यांना नवीन गोष्टी पटकन पचतात, मोठ्या कुत्र्याला वेळ लागतो.

आणायच्या आधी घरात काय करून ठेवायचं

एक खोली किंवा निदान एक कोपरा त्याचा म्हणून ठरवा. हॉल नको, कारण हॉलमध्ये येणंजाणं, टीव्ही, दाराची बेल सगळंच असतं. मागची बेडरूम, स्टडी, काहीही चालेल, फक्त तिथून लोक सारखे ये-जा करत नसावेत. पलंगाखाली त्याला लपायला जागा असेल तर ती बंद करू नका, उलट तिथे जुनी चादर टाकून द्या. लपायला जागा मिळालेला कुत्रा लवकर बाहेर येतो, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता यावर वाद घालत नाही.

मग फरशी. रस्त्यावरच्या कुत्र्याने गुळगुळीत टाइल्स कधी पाहिलेल्याच नसतात, त्याचे पाय घसरतात, नखं टकटक वाजतात आणि तो जागेवरच थिजतो. लोकांना वाटतं आपल्यालाच घाबरला, आणि तो घाबरलेला असतो फरशीला. त्याच्या जागेपासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत सतरंजी, योगा मॅट, धुतलेलं पोतं, जे असेल ते अंथरून एक वाट करून द्या. स्टीलचं भांडं पण नको, ते फरशीवर सरकलं की वाजतं आणि तळाला काहीतरी हलताना दिसतं. प्लास्टिकचं किंवा मातीचं पसरट भांडं ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी मातीच्या भांड्यात थंड राहतं तो वेगळा फायदा.

बेल्टवर पैसे वाचवू नका. घाबरलेला कुत्रा मागे सरकून साध्या कॉलरमधून मान अशी काढतो की तुम्हाला कळायच्या आत तो रस्त्यावर असतो, आणि नवीन कुत्रे हरवतात ते बहुतेक याच पहिल्या दिवसांत. मार्टिंगेल कॉलर घ्या, ती ओढल्यावर थोडीशी आवळते पण गळा दाबत नाही, आणि सोबत नीट मापाचा हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा. सुरुवातीला दोन्हींना वेगवेगळी दोरी लावायची. गळ्यात तुमचा फोन नंबर लिहिलेला बिल्ला पहिल्याच दिवशी घालायचा, नाव ठरलं नसेल तरी चालेल, नंबर पाहिजे.

ज्या दिवशी येतो तो दिवस

शक्यतो सुट्टीच्या आदल्या दिवशी आणा, म्हणजे पुढचे दोन-तीन दिवस कोणीतरी घरी राहील. गाडीतून उतरवताना दोन्ही दोऱ्या हातात घेऊनच दार उघडा. आधी गेटच्या आत मोकळी माती किंवा गवत असेल तिथे त्याला वास घेऊ द्या, शू करायला वेळ द्या, मग घरात. फ्लॅट असेल तर लिफ्ट आणि जिना दोन्ही त्याच्यासाठी नवीन आहेत, बऱ्याच कुत्र्यांना जिना उतरताच येत नाही. पहिल्या दिवशी उचलून नेता येत असेल आणि तो उचलू देत असेल तर उचला, नाहीतर एक-एक पायरीवर चिकनचा तुकडा ठेवत जा, अर्धा तास लागला तर लागू द्या.

आल्या आल्या आंघोळ नको. वास येतो मान्य आहे, गोचिड्या दिसत असतील तर डॉक्टरला विचारून गोळी किंवा मानेवर लावायचं औषध द्या, पण अनोळखी बाथरूममध्ये अनोळखी माणसांनी धरून डोक्यावर पाणी ओतणं ही ओळख करून घ्यायची पद्धत नाही. ओवाळणी, केक, सगळ्या कॉलनीला दाखवणं, स्टेटसला टाकायला मांडीवर घेऊन फोटो, हे पण पुढच्या महिन्यात.

खोलीत नेलं, पाणी दाखवलं, की बाहेर या. खरंच बाहेर या.

पहिले तीन दिवस

रेस्क्यूवाले तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ढोबळ हिशेब सांगतात. तीन दिवस तो भांबावलेला असतो, तीन आठवड्यांत घराचं रुटीन कळायला लागतं, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. हे काही शास्त्र नाही, खूप मार खाल्लेल्या कुत्र्याला वर्ष पण लागू शकतं, पण निदान दुसऱ्या दिवशी हिंमत सोडू नये एवढ्यासाठी हा हिशेब कामाचा आहे.

या दिवसांत तो सारखा झोपेल. मोठा कुत्रा एरवीही दिवसाचे बारा-चौदा तास झोपतो, आणि रस्त्यावर त्याला नीट झोप मिळालेलीच नसते. झोपेतून उठवायचं नाही, झोपलेल्या अंगाला हात लावायचा नाही.

मोठा कुत्रा नवीन घरात एखादा दिवस जेवला नाही तर घाबरू नका, रात्री सगळे झोपल्यावर खाईल, भांडं ठेवून बाजूला व्हा. पण दोन दिवस काहीच पोटात नाही, किंवा दिवसभर पाणीच पीत नाही, तर डॉक्टर, आणि पिल्लू असेल तर अर्धा दिवस पण जास्त झाला. शूचं पण तसंच, भीतीने बरेच कुत्रे खूप वेळ रोखून धरतात, चोवीस तासांच्या वर गेलं तर विचारून घ्या. घरात केली तर गुपचूप पुसा. नाक घासणं, ओरडणं यातून तो एवढंच शिकतो की तुमच्यासमोर शू करणं धोक्याचं आहे, आणि मग बाहेर फिरायला नेलं की तिथेही तुमच्यासमोर करणार नाही.

त्याच्या खोलीत दिवसातून काही वेळा जाऊन नुसतं बसा. जमिनीवर, त्याच्याकडे बाजू किंवा पाठ करून, दारातली वाट मोकळी ठेवून. पेपर वाचा, भाजी निवडा, फोनवर हळू आवाजात बोला. त्याच्या डोळ्यात टक लावून बघू नका. निघताना उठायच्या आधी दोन-तीन तुकडे त्याच्या दिशेने हलकेच टाकून द्या आणि चालते व्हा. दिलं आणि बदल्यात काही मागितलं नाही, हे त्याच्या लक्षात राहतं.

एक गोष्ट मला नेहमी मजेशीर वाटते, घरात ज्या आजीचा "बाहेरचं कुत्रं घरात कशाला" म्हणून सगळ्यात जास्त विरोध असतो, तिच्याच खुर्चीजवळ कुत्रा सगळ्यात आधी जाऊन बसतो. कारण आजी त्याच्याकडे बघतच नाही, आपली जपमाळ ओढत बसलेली असते.

तो काय बोलून राहिला ते बघायला शिका

शेपटी पायात, कान मागे, हे सगळ्यांना कळतं. त्याच्या आधीचे इशारे लोक सोडून देतात. झोप नसताना जांभई, समोर खायला नसताना सारखी जीभ नाकावर फिरवणं, तोंड बाजूला वळवणं, डोळ्याचा पांढरा भाग कडेने दिसणं, ऊन नसताना धापा टाकणं, अचानक अंग खाजवत बसणं. याचा अर्थ मला हे नको आहे. यातलं काही दिसलं की एक पाऊल मागे व्हायचं. तुम्ही मागे झालात की त्याला कळतं, याला नुसतं तोंड वळवून सांगितलं तरी चालतं, दात दाखवायची गरज नाही.

गुरगुरण्यावरून कधीही रागवायचं नाही. हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं. गुरगुरणं म्हणजे तो अजून सांगून राहिला आहे, मार देऊन ते बंद केलं तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल.

आणि एकदम गुपचूप, पुतळ्यासारखा बसलेला, काहीही करू देणारा कुत्रा शांत आहे असं समजू नका. "किती गरीब आहे बघा, काहीच करत नाही" म्हणून लोक त्याला उचलतात, पोरांच्या मांडीत देतात, आणि तो भीतीने गोठलेला असतो. शांत कुत्र्याचं अंग सैल असतं, तो इकडे तिकडे बघतो, वास घेतो, दिलेलं खातो. गोठलेला खात नाही. खातो का नाही, ही सगळ्यात सोपी परीक्षा.

रस्त्यावरच्या कुत्र्याच्या काही खास भीती असतात. तुम्ही चप्पल घालायला वाकलात आणि तो जीव घेऊन पळाला, तर त्याने आयुष्यभर पाहिलंय की माणूस वाकतो तो दगड उचलायला. झाडू, काठी, छत्री, गुंडाळलेला पेपर, हात वर करून पंख्याचं बटण दाबणं, सगळ्यात तेच. म्हणून त्याच्यासमोर वाकायच्या ऐवजी आधी बसा आणि मग चप्पल घाला, झाडताना त्याला दुसऱ्या खोलीत राहू द्या. "हाड" हा शब्द घरात गमतीतही कोणी वापरायचा नाही.

खाऊ कसा द्यायचा

बिस्किटं आणि पोळी ठीक आहे, पण भीतीच्या वेळी काम करतं ते उकडलेलं चिकन. मीठ नाही, हळद नाही, फक्त पाण्यात उकडलेलं, हाड काढून, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे करून डब्यात. व्हेज घर असेल तर पनीर. असा खाऊ दिवसभराच्या खाण्याच्या साधारण दहा टक्क्यांपर्यंतच, म्हणून तुकडे बारीक. सावजीचा रस्सा, घरच्या भाजीचा मसाला हे अजिबात नाही, कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. द्राक्षं, मनुका, चॉकलेट पण नाही, आणि शिजवलेली हाडं तर नाहीच, ती टोकदार तुटतात.

हातातून घ्यायचा हट्ट करू नका. आधी त्याच्या जवळ फेका, आणि पुढचा तुकडा त्याच्या मागच्या बाजूला. लोक नेमकं उलटं करतात, चिकन दाखवून दाखवून जवळ बोलावतात, तो भुकेपोटी येतो पण, आणि मग तुकडा संपल्यावर एकदम लक्षात येतं की आपण माणसाच्या फार जवळ आलोय, आणि दचकून पळतो. मागे फेकलं तर तो लांब जाऊन खातो, सुटकेचा श्वास घेतो, आणि स्वतःहून परत वळतो. ते वळणं त्याचं स्वतःचं असतं.

माझ्याकडे भुरी नावाची कुत्री होती, नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीच्या रस्त्यावरून आलेली. तिचे मी फक्त मागचे पाय बघायची. मान लांब ताणून, पुढचे दोन पाय माझ्याकडे आणि मागचे दोन तिथेच रोवलेले, पळायच्या तयारीत, अशी ती तुकडा उचलायची. तोंड किती जवळ आलं याला काही किंमत नव्हती. एके दिवशी तुकडा घेताना तिचे मागचे पाय पण सोबत आले, पाठीचा कणा सरळ राहिला, आणि चावून झाल्यावर ती लगेच मागे हटली नाही, तिथेच उभी राहून माझ्या गुडघ्याचा वास घेत होती. हात लावायची परीक्षा त्याच्यानंतर, आधी नाही.

हात कधी आणि कुठे लावायचा

तो स्वतः जवळ आला, अंग सैल आहे, तेव्हा. वरून डोक्यावर हात आणू नका, छातीला बाजूने किंवा हनुवटीखाली हलकं खाजवा, एक, दोन, तीन मोजा आणि हात काढून घ्या. आता बघा. तो अजून जवळ सरकला, हाताला नाक लावलं, तर अजून तीन मोजून. तोंड वळवलं, अंग झटकलं, निघून गेला, तर झालं आजचं. हा तीनचा नियम घरातल्या प्रत्येकाला शिकवा, पोट्टे तर लवकर शिकतात, त्यांना तो खेळ वाटतो. मिठी मारणं, तोंडाला तोंड लावणं नको.

पलंगाखालून ओढून काढायचं नाही. डॉक्टरकडे न्यायचं म्हणून काढावंच लागणार असेल तर तुम्ही घरी असताना हार्नेसला एक हलकी, दीडेक मीटरची, टोकाला फास नसलेली दोरी लावून ठेवा, ती घरभर मागे घसटत राहील. लागेल तेव्हा लांबूनच दोरी हातात घेता येते, अंगावर झडप घालावी लागत नाही. एकटा असताना ती दोरी काढायची, अडकते.

लोक अजून एक विचारतात, घाबरलेला असताना जवळ घेतलं तर भीती वाढते का? नाही वाढत. तो आधाराला तुमच्याजवळ आला तर खुशाल हळू आवाजात बोला, पाठीवर हात ठेवा. लपायला गेला तर लपू द्या.

आवाजांची सवय: कूलरचंच उदाहरण घेऊ

नागपुरात मार्चच्या शेवटी कूलर लागतात आणि मग तीन महिने घर्रर्र चालू. हिवाळ्यात आणलेला, बऱ्यापैकी रुळलेला कुत्रा कूलर लागला त्या दिवशी परत बाथरूममध्ये जाऊन बसतो आणि घरच्यांना वाटतं सगळी मेहनत वाया गेली. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणाऱ्या गावात कूलर बंद ठेवून चालत नाही, म्हणून त्याची सवय उन्हाळ्याच्या आधीच, फेब्रुवारीत, मुद्दाम करून घ्या.

कूलरला पंप आणि पंख्याची बटणं वेगळी असतात, ते आपल्या फायद्याचं आहे. आधी कूलर बंदच असू द्या, त्याच्या आसपास चिकन पसरून त्याला वास घेऊ द्या. मग तो दुसऱ्या खोलीत असताना फक्त पंप लावा, पाण्याचा हलका आवाज येतो. आवाज सुरू झाला, एक सेकंद थांबून चिकन, आवाज बंद, चिकन पण बंद. हा क्रम उलटा करू नका, आधी चिकन आणि मग आवाज केला तर तो चिकनलाच घाबरायला लागेल, कारण चिकन दिसलं म्हणजे आता काहीतरी भयंकर होणार. पंपाला तो कान पण हलवत नाही असं झालं की पंखा कमी स्पीडवर, तोही लांबूनच, दोन-दोन मिनिटं. मग खोलीचं दार थोडं उघडं, मग त्याच खोलीत. कुठेही त्याने खाणं सोडलं म्हणजे आपण घाई केली, एक पायरी मागे या.

मिक्सर, कुकरची शिट्टी, टुल्लू पंप, कचरागाडीचं गाणं, सगळ्याला हीच पद्धत. "होईल सवय" म्हणून त्याला तासभर आवाजाजवळ बांधून ठेवणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला अंबाझरी तलावात ढकलणं आहे.

बाहेर फिरायला कधी

लोकांना वाटतं कुत्रा म्हणजे दोन वेळा फिरवलंच पाहिजे. घाबरलेल्याला पहिले काही दिवस नाही फिरवलं तरी चालतं, शू-शी साठी कंपाऊंड किंवा गच्ची पुरते. गच्चीला कठडा उंच हवा, आणि दोरी लावूनच.

बाहेर सुरू कराल तेव्हा फुटाळा तलावावर संध्याकाळी नेऊ नका, तिथली गर्दी, बाईक आणि भुट्टेवाले बघून माणूस गोंधळतो. पहाटे, घराजवळची एकच गल्ली, रोज तीच. सहा फुटाची दोरी, ओढाओढ नाही, तो थांबला की तुम्ही पण थांबा. वास घेऊ द्या, दहा मिनिटं एकाच विजेच्या खांबाचा वास घेतला तरी त्याचं फिरणं झालं, वास घेताना कुत्रा शांत होतो. गल्लीतले कुत्रे येतील, त्यांच्याकडे आधी तुम्ही थोडं खायला लांब टाका आणि आपल्याला घेऊन वळा. ज्यांच्या कानाला छोटा काप दिसतो त्यांची नसबंदी झालेली असते.

उन्हाळ्यात, आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर नक्कीच, सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री साडेआठच्या नंतर. डांबरावर स्वतःच्या हाताचा मागचा भाग सात सेकंद ठेवा, नाही ठेववत तर त्याचे पाय पण तिथे पोळतील.

पाहुणे आणि लहान मुलं

पहिले तीन आठवडे पाहुणे कमीत कमी. आले तर कुत्रा त्याच्या खोलीत, दार बंद, आत काहीतरी चघळायला. कोणीतरी काका असतातच, "मला कुत्रे फार आवडतात, मला काही करत नाहीत" म्हणत सरळ आत जाणारे. त्यांना दारातच अडवायचं, नंतर वाईट वाटलं तर वाटू द्या.

मुलांना सांगा की तो जवळ आला तर झाड व्हायचं, हात खाली, पाय स्थिर, बघायचं जमिनीकडे. खात असताना आणि झोपलेला असताना त्याच्याकडे जायचं नाही. दहा वर्षांखालच्या मुलाला त्याच्यासोबत एकटं ठेवायचं नाही, कुत्रा कितीही गोड असो.

सोसायटीवाले कुत्रा ठेवू देत नाहीत असं कोणी म्हटलं तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा, पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. पण तुम्ही पण शी उचला.

डॉक्टर

भीतीसारखं दिसणारं बरंचसं दुखणं असतं, म्हणून पहिल्या आठवड्यात एकदा तपासून घ्याच. आपल्याकडे गोचिडतापाचे कुत्रे खूप. सुस्त पडलेला, खाणं कमी, हिरड्या फिक्या, कधी नाकातून रक्त, आणि घरचे म्हणतात अजून रुळला नाही. रक्त तपासलं की प्लेटलेट कमी निघतात. एका जागी हात लावला की चिडतो, तर जुनं फ्रॅक्चर असू शकतं. जंताचं औषध, रेबीजची लस, बाकीच्या लसी आणि नसबंदीचं कधी ते डॉक्टरच सांगतील. नागपुरात सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेज आहे, तिथे तपासण्या होतात, फक्त ओपीडीत गर्दी आणि बाकीचे प्राणी असतात, तर तुमचा नंबर येईपर्यंत एकाने कुत्र्याला गाडीजवळ सावलीत घेऊन थांबायचं.

माणसांच्या गोळ्या देऊ नका, तापाची पॅरासिटामॉल पण नाही, झोपेची तर मुळीच नाही.

चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या इंजेक्शनचं विचारायचं. कुत्र्याला लस नुकतीच दिलेली असेल तरी जायचं, कारण पहिल्या लसीनंतर लगेच पूर्ण संरक्षण मिळत नाही. चुना, तिखट, हळद भरायची नाही. आणि कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवायचं.

मारबत, गणपती, दिवाळी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची, म्हणजे ईडापीडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते, तेव्हा महाल, इतवारी, जागनाथ बुधवारी या भागात राहणाऱ्यांनी तर आधीच ठरवून ठेवा. "घेऊन जा गे मारबत" म्हणत ढोल-डीजेसकट मिरवणूक तुमच्या खिडकीखालून जाणार, आणि कुत्रा तुमच्याकडे येऊन महिनाच झालाय. जमलं तर त्या दिवशी त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला, आधी एकदा दाखवून ठेवलेल्या घरी न्या. नाही जमलं तर सगळ्यात आतली खोली, पडदे, पंखा किंवा तोच सवयीचा कूलर चालू, आणि मिरवणूक यायच्या बऱ्याच आधी शू करवून आणा. दिवाळीच्या दिवसांत संध्याकाळी दोरी दोन्ही ठिकाणी लावल्याशिवाय दार उघडायचं नाही. फार थरथरतो, लाळ गाळतो, दार खरवडतो असा कुत्रा असेल तर दसऱ्याच्या आसपासच डॉक्टरांशी बोला, फटाक्यांसाठी भीती कमी करणारी औषधं असतात पण ती आधी एकदा देऊन बघावी लागतात, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फोन करून काही होत नाही.

एकदम मागे गेला तर

जाणारच. समजा रविवार आहे, सकाळी शेजारच्या घरी ड्रिल मशीन, दुपारी मावशीचं कुटुंब, चार वाजता इंजेक्शन, आणि रात्री रस्त्यावरून बँडवाली वरात. रात्री तुम्ही त्याचं पांघरूण नीट करायला गेलात आणि तो गुरगुरला. सगळे म्हणतात एवढं केलं तरी उलटला. तो पांघरुणावरून गुरगुरलेला नसतो, दिवसभराचं साचलेलं असतं, आणि ते अंगातून उतरायला एक-दोन दिवस पण लागतात. पुढचे दोन दिवस काहीही नवीन नको, फिरणं पण अर्धं, खाणं टॉवेलमध्ये गुंडाळून द्या म्हणजे नाकाने शोधत बसेल. कॅलेंडरवर अशा दिवसांची खूण करत गेलात तर महिन्याभरात लक्षात येतं त्याला नेमकं कशाने होतं.

दोन-तीन महिन्यांनीही तो दिवसभर लपूनच असेल, किंवा चावायला धावत असेल, तर मार न देता शिकवणारा ट्रेनर बघा. भेटायच्या आधीच विचारा की कुत्र्याने चुकलं तर तुम्ही काय करता. झटका देणं, चेन ओढणं, "बॉस कोण ते दाखवावं लागते" असं काही ऐकू आलं तर फोन ठेवून द्या.

एकटं राहायची सवय

हे लोक सगळ्यात शेवटी करतात, सुट्टी संपायच्या आदल्या रात्री, म्हणून वेगळं लिहिते. तो थोडा खायला-प्यायला लागला की लगेच सुरू करा. गाडीची चावी उचलायची, परत ठेवायची, बाहेर जायचं नाही. चावीच्या आवाजाला तो मान पण उचलत नाही असं झालं की दाराबाहेर जाऊन लगेच आत. मग कचरा टाकून येण्याएवढा वेळ, मग कोपऱ्यावरून दूध आणण्याएवढा. जाताना मिठ्या मारून निरोप नको, आल्यावर पण आरडाओरडा नको, दोन मिनिटं आपलं काम करा आणि मग त्याला भेटा. जुना मोबाईल कॅमेरा म्हणून लावून ठेवला तर तुम्ही गेल्यावर तो झोपतो का दाराशी फेऱ्या मारतो ते कळतं, फेऱ्या मारत असेल तर वेळ निम्म्यावर आणा. फक्त त्या कॅमेऱ्याच्या स्पीकरवरून ऑफिसमधून त्याला हाका मारत बसू नका, आवाज तुमचा येतो आणि माणूस कुठेच दिसत नाही, मग तो घरभर शोधत फिरतो.